ग्रिडला झोन ४३ की ४४? ग्वाल्हेरकरांनी जरा थांबा

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) एएससी ग्रिड, म्हणजे चौकोनी सेलांचे आकडे भरलेली साधी फाइल, ओढून टाकली की लेयरच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येतं. प्रोजेक्शन, म्हणजे हे आकडे पृथ्वीवर कुठे नि कसे बसवायचे ती पद्धत, कळलेलं नाही, असा त्याचा अर्थ. आणि कळणार तरी कुठून? फाइलच्या माथ्यावर ओळी, स्तंभ, डाव्या-खालच्या कोपऱ्याचे आकडे नि सेलचा आकार एवढंच असतं. प्रोजेक्शन शेजारच्या पीआरजे फाइलीत, आणि पाठवणारा नेमकी तीच पाठवायची विसरतो. तेव्हा प्रश्नचिन्हावर क्लिक करायच्या आधी ग्रिड नोटपॅडात उघडा.

कोपरा ७८.१ आणि २६.१ असा दिसला, सेल ०.०००२७७ च्या आसपास असला, तर माल अंशांत आहे. एसआरटीएमची (अवकाशयानातून रडारने मोजलेली) उंची अशीच येते. ईपीएसजी ४३२६ (प्रोजेक्शनांच्या यादीतला अक्षांश-रेखांशांचा क्रमांक) लावा. आकडे लाखांत आणि सेल ३० किंवा ९० असला तर मीटर, म्हणजे बहुतेक यूटीएम (पृथ्वीच्या उभ्या पट्ट्या पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत).

खरी गोम इथे आहे. यूटीएमचे झोन, म्हणजे त्या पट्ट्या, रेखांशाच्या सहा-सहा अंशांच्या. मुंबई, पुणे, बडोदा, इंदूर सगळी ४३ मध्ये, म्हणून तिकडून शिकून आलेली पोरं डोळे मिटून ३२६४३ (झोन ४३ चा ईपीएसजी क्रमांक) लावतात. पण झोन ७८ अंशांवर बदलतो. शिवपुरी ४३ मध्ये, मुरैना जवळजवळ रेषेवर, आणि आपल्या ग्वाल्हेरचा लष्कर भाग, किल्ला, सगळं ४४ मध्ये, म्हणजे ३२६४४. किल्ल्याचा पूर्वेचा आकडा ४४ मध्ये सुमारे २ लाख १७ हजार येतो, ४३ मध्ये ८ लाख १७ हजार. उत्तरेचा दोन्हीकडे २९ लाखांच्या घरात, त्याला विचारून उपयोग नाही. २ लाखवाल्या ग्रिडला ४३ लावलंत तर किल्ला थेट सहा अंश पश्चिमेला, जोधपूरच्याही पलीकडे वाळूत जाऊन बसतो. शिवपुरी ते ग्वाल्हेर अशी ग्रिड असेल तर अख्खी ४४ मध्येच ठेवा. थोडी रेषेबाहेर गेली तरी बिघडत नाही.

‘असाइन प्रोजेक्शन’ आणि ‘वॉर्प’ यांत गल्लत नको. असाइन म्हणजे डब्यावर चिठ्ठी चिकटवणं. आतला जिन्नस तोच राहतो. आकडे खरोखर बदलून हवे असतील तर रास्टर मेनूतलं वॉर्प. अंशांतल्या ग्रिडवर उतार काढलात, तर उंची मीटरमध्ये नि आडवं अंतर अंशांत, त्यामुळे सपाट शेतंही कड्यासारखी उभी राहतात. आधी ३२६४४ मध्ये वॉर्प, मग उतार.

तपासायला मला किल्ल्याइतकं सोयीचं काही नाही. खाली ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा) टाका. ती लांबट, उत्तर-दक्षिण टेकडी त्यावर नीट बसली पाहिजे. जराशीच सरकलेली दिसली तर झोन नव्हे, डेटम (अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावर धरले ते) चुकलाय. जुन्या टोपोशीटवरून काढलेल्या ग्रिडला कल्याणपूर डेटम लागतो (हे कल्याणपूर आपल्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळ).

वॉर्प करताना रिसॅम्पलिंगकडेही, म्हणजे नव्या सेलांत आकडे कसे भरायचे त्याकडेही, बघा. उंचीला बायलिनियर (शेजारच्या सेलांची सरासरी), जमीन-वापराच्या ग्रिडला निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या सेलचा आकडा जसाच्या तसा). नाहीतर वर्ग २ च्या शेताला नि वर्ग ४ च्या तळ्याला जोडून वर्ग ३ चं जंगल उगवतं, जे जागेवर कधी नव्हतंच.