धरणावरच्या बोटीला पंखा किती पिचचा घ्यायचा

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) तुंब्यावर, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर, ११×१३ असे आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर हा पंखा एका फेऱ्यात स्क्रूसारखा १३ इंच आत गेला असता. पाण्यात तो त्याहून कमी सरकतो आणि या तुटीला स्लिप म्हणतात. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या बोटीत १० ते २० टक्के स्लिप असणारच. बोट जड झाली की ती वाढते.

पंखा घेताना बहुतेक जण वेग किती वाढेल, एवढंच विचारतात. खरं तर, बोटीत नेहमी असतो तेवढा भार घेऊन फुल थ्रॉटलला आपलं ओबीएम (बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन) किती आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतं, हे आधी बघायला हवं. कंपनीच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, उदाहरणार्थ ४५०० ते ५५००. तुमचा पंखा मशीनला या रेंजमध्ये, शक्यतो तिच्या वरच्या अर्ध्यात नेत असेल तर पिच बरोबर आहे.

पिच जास्त झालं तर मशीन ४००० ते ४२०० वरच घुटमळतं. बोटीचं नाक वर राहतं, बोट पाण्यावर उचलत नाही आणि पेट्रोल जळत राहतं. असं दाबून चालवलेल्या मशीनमध्ये कार्बन साचतो, पिस्टन तापतो, पुढे नॉकिंग सुरू होतं. पिच कमी झालं तर उलटा त्रास. बोट झटकन उचलते, पण मशीन रेंजच्या बाहेर किंचाळतं. रेव्ह लिमिटर (आरपीएम ठरावीक आकड्यावर अडवणारी सोय) नसलेल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेव्हा बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडवर येतं.

मोजमाप सकाळी करा, वारा सुटायच्या आत. टिलरच्या, म्हणजे हाताच्या दांड्याने वळवायच्या, मशीनला मीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा इंडक्टिव्ह टॅकोमीटर लावा. त्यात दर फेऱ्याला किती ठिणग्या पडतात त्याचं सेटिंग आधी जुळवा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा अर्धा दिसेल. टाकी अर्धी ठेवा. मशीन पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या. लाइफ जॅकेट घाला, किल स्विचची (ओढला की मशीन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला बांधा. मग मोकळ्या, खोल पाण्यात फुल थ्रॉटल द्या आणि आकडा स्थिर होईपर्यंतच ठेवा. वेग मोबाइलच्या जीपीएसवर जाताना आणि येताना असा दोन्हीकडून घ्या, त्याची सरासरी धरा. आधी एकट्याने, मग नेहमीच्या पूर्ण भाराने, अशा दोन नोंदी हव्यात.

हिशोब सोपा आहे. आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला मशीनचे किती फेरे, त्या आकड्याने) भागा, पिचने गुणा, मग ०.००१५२४ ने गुणा. येईल तो ताशी किलोमीटरमधला कागदावरचा वेग. रेशो २, आरपीएम ५०००, पिच १३ धरलं तर ४९.५ येतात. जीपीएसवर ४१ दिसले, म्हणजे स्लिप साधारण १७ टक्के. ठीक आहे. स्लिप ३० च्या पुढे गेली तर पिचला हात लावू नका, आधी दुसरीकडे शोधा. मशीन फार वर बसलं असेल तर पंखा हवा ओढतो. पंख्याच्या वर मशीनला असलेली आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली इंचभरापर्यंत असावी. तळाला शेवाळ चिकटलं असेल, पात्याला जलपर्णी गुंडाळली असेल, किंवा फायबरच्या बोटीच्या पोटात पाणी शिरलं असेल, तरीही आकडा बिघडतो.

पिच एक इंचाने कमी केलं की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. वरच्याच १३ पिचच्या बोटीत एकट्याने ५००० आणि सहा माणसं बसवून ४४०० आले असं धरू. १० पिचचा पंखा लावला तर भारासह सुमारे ४९०० मिळतील, पण एकटे असताना ५५०० ओलांडायची भीती. ११ पिचवर भारासह ४७००-४८०० आणि एकट्याने ५३००-५४००, दोन्ही रेंजच्या आत. अशा वेळी ११ च घ्यावा. पिच बदललं की व्यासही थोडा बदलतो. तो कंपनी ठरवते, तुम्ही त्यात पडू नका. चार पात्यांचा पंखा बोट लवकर उचलतो आणि जड भारात पकड देतो, पण आरपीएम थोडा खाली आणतो. त्यामुळे तीनवरून चार पात्यांवर जाताना पिच एक इंच कमी धरा.

आपल्याकडे ऋतूही मोजावा लागतो. २५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते आणि मशीनची ताकद तेवढ्याच बेताने घटते. डिसेंबरमध्ये रेंजच्या तळाला जेमतेम पोचणारा पंखा मे महिन्यात पोचणारच नाही. थंडीत मोजत असाल तर हातात शे-दोनशे आरपीएम राखून पिच निवडा.

मे महिन्याचा दुसरा प्रश्न खुंटांचा. गोसेखुर्दच्या फुगवट्यात असो की अप्पर वर्ध्यात, पाणी उतरलं की पूर्वी खोल असलेले खडक आणि बुडालेल्या झाडांची खोडं हातभर पाण्याखाली येतात. अशा पाण्यात अॅल्युमिनियमचाच पंखा वापरा. तो वाकतो, तुटतो, पण गिअर वाचण्याची शक्यता जास्त असते. स्टीलचा पंखा स्वतः टिकतो आणि धक्का आत पाठवतो.

वाकलेलं पातं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ठोकून घेतलं की प्रत्येक पात्याचं पिच वेगळं होतं आणि मशीन थरथरू लागतं. तपासायचं असेल तर पंखा सपाट शहाबादी फरशीवर ठेवा. मधून टोकापर्यंतच्या अंतराच्या ७० टक्क्यांवर खुणा करा. तिथे पातं किती अंशांत पसरलंय आणि त्याच्या दोन कडांच्या उंचीत किती फरक आहे, ते मोजा. उंचीच्या फरकाला ३६० ने गुणून त्या अंशांनी भागलं की पिच मिळतं. ६० अंशांत २ इंच फरक असेल तर १२. जुन्या बाजारात घेतलेल्या, आकडे झिजलेल्या पंख्यालाही हेच माप चालतं. तिन्ही पात्यांचं उत्तर जुळलं नाही, तर तो पंखा लावू नका.

बदलताना आधी किल स्विचची क्लिप काढा आणि प्लगच्या वायरी सोडवा. पातं आणि वरची पट्टी यांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, मग कॉटर पिन आणि नट सोडा. पंखा निघाल्यावर शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला आहे का बघा. तो सील कापतो, आत पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) मरीन ग्रीस लावा. पंखा आणि गिअरचं घर यांमधला थ्रस्ट वॉशर ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने परत बसवा. तो राहिला तर पंखा थेट गिअरच्या घरावर घासतो. पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची घाला.

बोट जुनी असेल तर आणखी एक खात्री करून घ्या. आरपीएम चढतो पण बोट पुढे सरकत नाही, तेव्हा अनेकदा पंख्यातलं, तुंब्याचा आतला आणि बाहेरचा भाग जोडणारं रबरी बुश सुटलेलं असतं. तुंब्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून पेंटची एक सरळ रेघ ओढा आणि जोरात एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर पिच कितीही बदलून उपयोग नाही, बुश किंवा पंखा बदलावा लागेल.