टेलिस्कोपवरची पहिली रात्र आणि बंद पडणाऱ्या गोष्टी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला गिरवली, कवलूर अशा एखाद्या वेधशाळेत ऑब्झर्व्हिंगला जायचं ठरलं की सगळे टार्गेट लिस्ट, एअरमास (ताऱ्याचा प्रकाश किती जाड हवेतून येतो ते), एक्स्पोजर टाइम यातच अडकतात, आणि मधेच काही बंद पडलं तर काय करायचं हे कोणी सांगत नाही. बंद तर पडतंच. पण माझं मत विचाराल तर ज्याला आपण "टेलिस्कोप बिघडला" म्हणतो तो बऱ्याचदा बिघाड नसतोच, वेळ, कोऑर्डिनेट, केबल नाहीतर फोकस यातलं काहीतरी असतं, आणि नक्की कुठलं ते समोरची फ्रेमच, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेली प्रतिमाच सांगते, फक्त घाबरून चार बटणं दाबायच्या आधी तिच्याकडे नीट बघायला हवं.

समजा फ्रेम कोरी आली. लगेच कॅमेरा रीस्टार्ट करू नका, आधी काउंट, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे आकडे बघा. सगळीकडे फक्त बायसइतकेच (प्रकाश नसतानाही कॅमेरा देतो तेवढेच) काउंट असतील तर प्रकाश आतच आलेला नाही, म्हणजे शटर उघडलं नाही, आरशाचं कव्हर तसंच आहे किंवा डोमची फट टेलिस्कोपसमोर नाही. काउंट बायसपेक्षा बरेच वर आहेत पण तारे नाहीत, तर आकाशाचा उजेड येतोय, मग ढग असतील किंवा फोकस पार गेलेला असेल. बाहेर जाऊन मान वर करून बघा ना, अर्ध्या मिनिटाचं काम आहे! तारे मेदूवड्यासारखे दिसले तर फोकसच. सगळे तारे एकाच दिशेला लांबले असतील तर ट्रॅकिंग (आकाशाबरोबर टेलिस्कोप फिरवणं) किंवा गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून ते सुधारत राहणं) बघा, वाऱ्यानेही होतं.

तारे छान आहेत पण फाइंडिंग चार्टशी (टार्गेटभोवतीच्या ताऱ्यांच्या नकाशाशी) जुळत नाहीत, हा नवीन लोकांचा सगळ्यात मोठा वैताग. इथे आधी घड्याळ बघायचं. पृथ्वी मिनिटाला १५ आर्कमिनिट (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फिरते, त्यामुळे कंट्रोल पीसीचं घड्याळ एक मिनिट चुकलं तरी १० आर्कमिनिटाच्या फील्डमधून टार्गेट बाहेर जातं. यूटीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) जागी भारतीय वेळ पडली असेल तर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे साधारण ८२ अंश, तेव्हा टेलिस्कोप भलतीकडेच वळतो आणि ते निदान लगेच कळतं तरी. छुपा त्रास इपॉकचा, म्हणजे कोऑर्डिनेट कुठल्या वर्षाचे धरलेत त्याचा असतो. ताऱ्यांचे कॅटलॉग बहुधा सन २००० चे (२०००.०) असतात, आणि सॉफ्टवेअरने ते आजचे समजून घेतले तर परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो त्यामुळे) वर्षाला ५० आर्कसेकंद या हिशोबाने २५ वर्षांत २१ आर्कमिनिटांपर्यंत फरक पडतो. म्हणून आधी जवळच्या एखाद्या ठळक ताऱ्यावर जा, तो मध्यभागी येतोय का बघा. नाहीतर सरळ प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे फ्रेममधले तारे सॉफ्टवेअरकडून कॅटलॉगशी जुळवून घ्या, कुठे बघतोय ते कळलं की अर्धं काम झालं.

सॉफ्टवेअर हँग झालं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी कॅमेऱ्याचा प्रोग्राम, मग ड्रायव्हर, मग यूएसबी केबल, आणि पॉवर सगळ्यात शेवटी, तेसुद्धा ऑपरेटरला विचारूनच, कारण माउंटची (टेलिस्कोप फिरवणाऱ्या बैठकीची) पॉवर गेली की बऱ्याच सिस्टिम आपली जागा विसरतात आणि परत सिंक करत बसावं लागतं. एररचा स्क्रीनशॉट आधी घ्या, "ओके" नंतर दाबा. डोममध्ये जायचं असेल तर एक्स्पोजर चालू आहे का ते विचारा, फोनचा टॉर्च तर अजिबात नको. लडाखमधल्या हान्लेच्या २ मीटर टेलिस्कोपचं निरीक्षण बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून सॅटेलाइट लिंकवर चालतं, तिथे डोममध्ये डोकावायची सोयच नाही, त्यामुळे काउंट आणि स्टेटस वाचायची सवय आणखीच उपयोगी.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे जो एरर देतच नाही तो. एका ठिकाणी (नाव नको) आमचे बी (निळा) आणि आर (लाल) फिल्टरचे आकाशाचे काउंट सारख्याच एक्स्पोजरला जवळजवळ तेवढेच येत होते, अंधाऱ्या रात्री बी मध्ये बरेच कमी यायला हवेत. हेडरमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, मात्र फिल्टर व्यवस्थित बदललेला. ऑपरेटर काकांनी एवढंच विचारलं, "फिल्टरचं चक्र फिरल्याचा आवाज आला का रे?" नव्हता आला. मग सकाळी दोन्ही फिल्टरचे फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) शेजारी शेजारी लावले, तर धुळीची वर्तुळं एकूण एक त्याच जागी! फिल्टरवरची धूळ फिल्टरबरोबर बदलते, त्यामुळे फिल्टर खरंच बदलला असता तर काही वर्तुळं तरी हललीच असती. हेडर म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेला हुकूम, तो पाळला गेला की नाही हे त्यात असेलच असं नाही. तेव्हापासून रात्रीची पहिली फ्रेम प्रत्येक फिल्टरमध्ये छोटी घेऊन काउंट लिहून ठेवतो.

आणि हो, उन्हाळ्यात छोट्या टेलिस्कोपवर विजेवर थंड होणारा कॅमेरा असेल तर उणे २० चा हट्ट धरू नका, कूलर १०० टक्क्यांवर अडकला की तापमान वरखाली होतं आणि डार्क (शटर बंद ठेवून घेतलेल्या फ्रेम) जुळत नाहीत, उणे १० ला स्थिर राहिलेलं बरं.

बिघाडाची नोंद झोपायच्या आधी करा: वेळ, फाइल नंबर, काय बदललं, काय बदलूनही फरक पडला नाही. नोंद यूटीमध्येच. आपल्याकडे यूटीची तारीख पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे रात्रभरच्या फ्रेम एका तारखेला आणि सकाळचे फ्लॅट पुढच्या तारखेला पडतात, तेव्हा घरी आल्यावर "फ्लॅट गायब झाले" असा मेल टाकण्याआधी पुढच्या तारखेचं फोल्डर एकदा उघडून बघा.