ओझरहून विमानाने किती किलोमीटर, किती वेळ: हिशोब घरच्या घरी

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरला माझं तिकीट बुकिंगचं काउंटर आहे. "मॅडम, नागपूर विमानाने किती किलोमीटर?" हा प्रश्न ठरलेला. मोबाइलवर तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात, कारण कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. त्यापेक्षा स्वतःच काढा.

कॉम्प्युटरवर गुगल मॅप्समध्ये ओझर विमानतळावर (नाशिकचा विमानतळ तोच) राइट क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय निवडा आणि नागपूरच्या विमानतळावर क्लिक करा. झालं. घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर त्याला वहीवर करायला लावा. ओझर 20.12 उत्तर, 73.91 पूर्व, नागपूर 21.09 आणि 79.05. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, रेखांशाचा आपल्या पट्ट्यात साधारण 104. म्हणजे उत्तरेकडे 108, पूर्वेकडे 535. पायथागोरस लावला की 546 किलोमीटर. रेल्वेने हेच नाशिकरोडपासून 650 भरतं.

आता वेळ. आधी विमान कुठलं ते बघा, तिकिटाच्या तपशिलात लिहिलेलं असतं. पंख्यांचं एटीआर ताशी 500 च्या आसपास उडतं, म्हणजे हवेत तासभर. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं यांची पंचवीसेक मिनिटं मिळवा. दीड तास होतो. एअरबसचा वेग 800 च्या वर असला तरी एवढ्या अंतरात पंधरा-वीस मिनिटंच वाचतात. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका, असं मी तरी सांगते (माझं कमिशन गेलं तरी चालेल).

खरा वेळ जातो जमिनीवर. नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाहून (सीबीएस) ओझर वीसेक किलोमीटर, पण द्वारका चौकात अडकलात की हिशोब कोलमडला. बॅगेचं काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाआधी 60 मिनिटं बंद करतात, म्हणून घरून सव्वादोन तास आधी निघा. नागपूरचा विमानतळ गावातच असल्यासारखा आहे. बॅग घेऊन सीताबर्डीला पाऊण तासात पोचता. सगळं मिळून साडेचार तास. ट्रेनला दहा-अकरा तास लागतात, तेव्हा नागपूरला विमान परवडतं. अहमदाबाद किंवा इंदूर हवेतून जेमतेम 350 किलोमीटर. तिथे चौघांचं कुटुंब असेल तर आधी गाडीचा खर्च काढून बघा.

गोव्याचं गणित सगळ्यात सोपं. तिथला नवा विमानतळ मोपा जवळपास ओझरच्याच रेखांशावर आहे, त्यामुळे अक्षांशांतला फरक थेट 111 ने गुणा: 485 किलोमीटर. फक्त तिकिटावरचा विमानतळ नीट वाचा. गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी आणखी चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला आहे, आणि हॉटेल दक्षिण गोव्यात कोलव्याला असेल तर मोपाहून टॅक्सीचे दीड-दोन तास वेगळे धरा.