तिन्हीसांजेला वाट अरुणचे छायाचित्र कसे घ्यावे

बँकॉकमधील वाट अरुण हे बौद्ध मंदिर चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर आहे, त्यामुळे त्याचे संध्याकाळचे छायाचित्र समोरच्या तीरावरून, था तियन धक्क्याच्या परिसरातून घ्यावे लागते. सूर्य मंदिरामागे मावळत असल्याने त्या वेळी शिखराची केवळ काळी आकृती मिळते, आणि अनेक जण तेवढी टिपून कॅमेरा आवरतात. खरे चित्र त्यानंतर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटांनी जमून येते, कारण तेव्हा निळ्या आकाशाचा उजेड आणि शिखरावरील सोनेरी दिव्यांचा उजेड जवळपास सारखा होतो. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या या शहरात संधिप्रकाश भराभर सरतो, म्हणून सर्व तयारी आधीच करून ठेवावी. डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, तर जुलैत पावणेसातच्या सुमारास. हिवाळ्यात तो पूर्व तीरावरून पाहणाऱ्याच्या डावीकडे सरकलेला असतो.

दुपारी नावेने पलीकडे जाऊन मंदिर जवळून अवश्य पाहावे. ज्या अरुणाला आपण सूर्याचा सारथी म्हणून ओळखतो, त्याचेच नाव या मंदिराला आहे आणि शिखरावर ऐरावतावर आरूढ इंद्रही दिसतो. संपूर्ण शिखर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलेले आहे. ही नक्षी डोळ्यांत साठवून परतले की छायाचित्रात काय जपायचे आहे ते नेमके कळते.

जागा निवडताना सर्वाधिक काळजी घ्यावी. बोटींचा धक्का पाण्यावर तरंगतो आणि प्रत्येक लाटेसरशी हलतो. तेथे उत्तम ट्रायपॉडही निरुपयोगी ठरतो. गच्चीवरील उपाहारगृहांतून दृश्य मोकळे दिसते, परंतु लाकडी फळ्यांवरून कोणी चालले तरी कंप जाणवतो, म्हणून पक्क्या जमिनीवरची किंवा काठाच्या भिंतीलगतची जागा मला अधिक भरवशाची वाटते. अगदी समोरून मधले उंच शिखर आणि भोवतीची चार लहान शिखरे अशी पाचही प्रतिबिंबासह घेण्यास ३५ ते ७० मिलिमीटरची लेन्स पुरते.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ/८ आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) एक ते चार सेकंदांच्या दरम्यान ठेवून आरंभ करावा, बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ, स्वरूपातच छायाचित्रे घ्यावीत. दिव्यांच्या झोतात शिखराचा मधला भाग सहज पांढरा पडतो व नक्षी कायमची नाहीशी होते. त्यामुळे हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाची, उजवी (सर्वांत उजळ भागाची) कड पाहत राहून चित्र किंचित काळसर ठेवणेच योग्य. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटोवर न सोडता सुमारे ४००० केल्विनवर स्थिर करावा, म्हणजे आकाशाची निळाई टिकते. बोटींच्या प्रकाशरेषा हव्या असल्यास आकाश आणखी गडद झाल्यावर शटर आठ-दहा सेकंदांपर्यंत वाढवावे, त्या प्रमाणात ॲपर्चर लहान करावे आणि बोट चौकटीत शिरताच बटण दाबावे.