कॉक्स-२ साठी फ्लुरोसेंट अँटिबॉडी वापरताना काय बघायचं

फ्लुरोसेंट अँटिबॉडी म्हणजे कॉक्स-२ ला चिकटणारी आणि चमकून ते दाखवणारी अँटिबॉडी. कॉक्स-२ हे एन्झाइम एरवी बऱ्याच पेशींमध्ये जेमतेमच असतं, सूज यायला लागली की पेशी ते बनवतात, म्हणून आधी पेशींना डिवचायला हवं. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) असतील तर एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला पदार्थ) घालून ६ ते २४ तास ठेवायचं आणि प्लेटच्या शेजारच्या वेलमध्ये (खड्ड्यात) त्याच पेशी, पण एलपीएसशिवाय. ही दुसरी वेल विसरलात तर पुढचं सगळं फुकट.

कॉक्स-२ पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि न्यूक्लियसच्या आवरणावर असतं, त्यामुळे अँटिबॉडीला आत जायला वाट करून द्यावी लागते. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १०-१५ मिनिटं फिक्स करा (पेशी आहेत तशा पक्क्या करा), फ्यूम हूडमध्येच, मग पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुऊन ०.१ टक्के सॅपोनिन, ते पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. सॅपोनिनची खोड अशी की ते निघून गेलं की भोकं बुजतात, म्हणजे अँटिबॉडीच्या बफरमध्ये पण तेच हवं आणि धुण्याच्या बफरमध्ये पण.

आता खरी डोकेदुखी. मॅक्रोफेजवर एफसी रिसेप्टर भरपूर, ते कुठलीही अँटिबॉडी शेपटाकडून (एफसी भागाकडून) पकडून बसतात, शिवाय या पेशी मुळातच हिरव्या चॅनेलमध्ये थोड्या चमकतात आणि मेलेल्या पेशी तर काहीही चिकटवून घेतात. म्हणून आधी एफसी रिसेप्टर ब्लॉक करा, फिक्स करायच्या आधी व्हायेबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखायचा रंग) लावा, एक ट्यूब अजिबात न रंगवलेली ठेवा आणि एक आयसोटाइप कंट्रोलची (त्याच प्रकारची, पण कॉक्स-२ ला न ओळखणारी अँटिबॉडी), त्याला फ्लुरोफोर (चमकणारा रंग) तोच हवा. कॉक्स-१ या भावंड एन्झाइमचा सिक्वेन्स कॉक्स-२ शी साधारण ६० टक्के जुळतो, तेव्हा तुमचा क्लोन (तुम्ही घेतलेली अँटिबॉडी) त्याला पकडत नाही ना हे डेटाशीटवर बघाच, आणि कॉक्स-२ नॉकआउट पेशी (ज्यांतून कॉक्स-२ चं जनुक काढून टाकलंय) मिळाल्या तर त्याहून चांगला पुरावा नाही.

डेटाशीटवरचं डायल्युशन नुसती सुरुवात समजा, टायट्रेशन (वेगवेगळी प्रमाणं लावून बघणं) स्वतः करा, आणि निवडताना सगळ्यात जास्त चमक कुठे ते बघू नका, एलपीएसवाल्या आणि बिनएलपीएसच्या पेशींमधला फरक कुठे जास्त ते बघा. अँटिबॉडीची बाटली ४ अंश सेल्सियसला, अंधारात, फ्रीझरमध्ये नको.

आणि सेलेकॉक्सिब (कॉक्स-२ अडवणारं औषध) घालून चमक कमी झाली नाही म्हणून अँटिबॉडीला दोष देऊ नका हं, ते औषध एन्झाइमचं काम अडवतं, एन्झाइम तिथेच असतं. काम मोजायचं असेल तर मीडियातलं (पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातलं) पीजीई-२, म्हणजे कॉक्स-२ च्या कामातून पुढे तयार होणारा पदार्थ, एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रमाण मोजायच्या चाचणीने) मोजा.