विहिरीवरच्या मोटरची केबल जोडण्याआधी: तयारीची यादी

विहिरीतल्या थ्री फेज पाणबुडी मोटरची केबल बहुधा ठरावीक जागीच खराब होते: कठड्याच्या दगडावर घासून, स्टार्टरच्या पेटीजवळ उंदरांनी कुरतडून, किंवा जमिनीवरून नेलेली असल्यास मशागतीच्या अवजाराचा फटका बसून. त्यामुळे हत्यारे गोळा करण्याआधी दिवसाच्या उजेडात पूर्ण केबल डोळ्यांखालून घालावी आणि जुने जोड किती आहेत तेही मोजावे. जोडांची माळच झाली असेल, तर नवीन जोडाऐवजी नवीन केबलचा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जोड देण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र खालची तयारी शेतकऱ्याला माहीत असली, तर वायरमनच्या घाईलाही आळा बसतो.

सगळ्यात मोठी तयारी वीज बंद करण्याची. ‘लाइट गेलीय, तोवर उरकून घेऊ’ हे वाक्य शेतावर सर्रास ऐकू येते आणि धोका नेमका तिथेच असतो, कारण वीज गेलेली असणे आणि वीज बंद केलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थ्री फेज नसतानाही तारेवर सिंगल फेज चालू असू शकते, आणि स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असेल तर वीज येताच मोटर कोणी बटण न दाबता आपोआप सुरू होते. म्हणून आधी ऑटो बंद करावा, मग मेन स्विच पाडावा, त्यानंतर तिन्ही किटकॅट (फ्यूजची तार बसवलेले काढघालीचे तुकडे) काढून काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि पेटीवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर) चढून फ्यूज काढण्याचा उद्योग करू नये. ते वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याचे काम आहे.

एवढे करूनही केबलच्या टोकांवर वीज नाही याची खात्री करायची असते. टेस्टर आधी चालू तारेवर लावून तो पेटतो हे पाहावे, कारण बिघडलेला टेस्टरही अंधारच दाखवतो. टेस्ट लॅम्प वापरायचा असल्यास सारख्याच वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडलेले असावेत. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि २३० व्होल्टचा एकटा बल्ब त्यावर उडतो. स्टार्टरमध्ये कपॅसिटर असेल तर वीज बंद झाल्यावरही त्यात भार उरतो, तेव्हा काही मिनिटे थांबावे आणि तो उतरल्याची वायरमनने खात्री केल्याखेरीज त्याच्या टोकांना हात लावू नये.

सामानात पक्कड, वायरची साल काढण्याचे हत्यार, पॉलिश पेपर, कोरडे फडके, तांब्याच्या स्लीव्ह आणि त्या दाबण्याचे क्रिंपिंग हत्यार, स्वतःला चिकटणारी रबर टेप, वरून गुंडाळायला पीव्हीसी टेप आणि आतून गोंद असलेल्या, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या असाव्यात. या नळ्या जोड देण्याआधीच केबलवर ओवून ठेवाव्या लागतात. हे प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी विसरतो आणि झालेला जोड पुन्हा तोडतो. तुकडा वाढवायचा असेल तर तो जुन्या केबलवर छापलेल्या आकाराचा आणि तांब्याचाच घ्यावा. तुकडा घातला की एकाचे दोन जोड होतात, म्हणून केबलला सैल असेल तर ती ओढून घेऊन एकाच जोडात भागवणे चांगले. तांबे काळे पडलेले दिसले तर पाणी आत शिरले आहे असे समजून चकचकीत तांबे लागेपर्यंत केबल कापत जावे. तेवढी लांबी आधीच हिशोबात धरावी.

तीन तारा एकाच रेषेत जोडू नयेत. प्रत्येक तार पाच-सात सेंटिमीटर पुढेमागे कापावी, म्हणजे जोड एकमेकांवर येत नाहीत. लाल लालला, पिवळी पिवळीला आणि निळी निळीला. दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते आणि पाणी कमी येते. स्टार-डेल्टा स्टार्टरवर दोन केबल, म्हणजे सहा तारा असतात, तेव्हा कापण्याआधी त्यांवर खुणा कराव्यात.

जोड कुठे राहणार हे आधी ठरवावे, आणि ठरवताना आजची पातळी न पाहता पावसाळ्यात विहीर कुठवर भरते ते पाहावे. जोड पाण्यात बुडणार असेल तर साध्या टेपवर विसंबू नये. राळ ओतून भरायचा जोडसंच वापरावा. मोटर वर घ्यायची वेळ आल्यास तिला दोर बांधलेला असावा, केबलला धरून ती कधीही ओढू नये.

पायात कोरडे रबरी बूट, पायाखाली कोरडी फळी आणि हाकेच्या अंतरावर एक माणूस असावा. पाऊस भुरभुरत असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. जोड झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वेष्टनातून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक तार अर्थिंगशी तपासण्याची सोय वायरमनकडे आहे का, हे त्याला बोलावतानाच विचारून ठेवावे. आकडा १ मेगओमच्या खाली आला तर मोटर सुरू करू नये. सुरू करताना विहिरीत कोणी उतरलेले नाही आणि पाइपला कोणाचा हात नाही हे पाहावे, तिन्ही फेजचे अँपिअर जवळपास सारखे आहेत का ते बघावे, आणि जोडाची तारीख व जागा स्टार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी.