टेक्श्चर्ड क्रोम नेल्स : पावडरची डबी बदलण्याआधी या चुका टाळा

क्रोम नेल्स, म्हणजे जेलवर बारीक पावडर घासून धातूसारखी चमकवलेली नखं, बिघडली की पहिला राग पावडरवर निघतो. नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेली डबी बाजूला पडते, इतवारीत होलसेलला दुसरी मिळते का ते बघितलं जातं, शेवटी ऑनलाइन महागडी मागवली जाते आणि नखं राखाडी ती राखाडीच. शिकायला येणाऱ्या मुलींचं वाक्य ठरलेलं असतं : "ताई, मी किती वेळची घासून राहिली, पण चमक येऊनच नाही राहिली!" माझं उत्तरही ठरलेलं आहे. घासणं थांबव आणि पावडरच्या खाली काय आहे ते दाखव.

क्रोम पावडर म्हणजे अतिशय बारीक, चपट्या कणांची भुकटी. आरशासारख्या चंदेरी पावडरमध्ये बहुधा ॲल्युमिनियम असतं, मोतिया झाक देणारीत टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेला अभ्रक. हे कण आडवे, एकमेकांना लागून बसले तर उजेड सरळ परत येतो आणि आरसा दिसतो. खालचा थर खरखरीत किंवा चिकट असेल तर कण वाटेल तसे उभे-आडवे बसतात आणि उजेड विखुरतो. टेक्श्चर, म्हणजे जेलने उठावाची नक्षी, करताना हीच गोष्ट विसरली जाते. आकार उंचसखल हवा, पण पृष्ठभाग गुळगुळीतच हवा. मठारलेला तांब्याचा गडवा हातात घेऊन बघा. ठोके शेकडो असतात, पण प्रत्येक ठोका आतून तुळतुळीत असतो, म्हणून तर तो चमकतो.

चिकट थरावर पावडर घासणं

सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं. नक्षीसाठी आपण उंचवटा देणारं बिल्डर किंवा थ्रीडी जेल, नाहीतर तारेसारखं ओढता येणारं स्पायडर जेल वापरतो. यातली बरीचशी जेल पूर्ण क्युअर झाल्यावरही, म्हणजे लॅम्पच्या उजेडात घट्ट झाल्यावरही, वर चिकट थर ठेवतात, कारण हवेतला ऑक्सिजन सगळ्यात वरचा पापुद्रा घट्ट होऊ देत नाही. त्या चिकटपणावर पावडर लावली की ती भसाभस चिकटते, गोळे होतात आणि नखावर शिशाच्या पेन्सिलीसारखा रंग येतो. मग "पावडर भेसळीची आहे" असा निकाल लागतो.

चिकट थर अल्कोहोलने पुसला म्हणजे झालं, असंही नाही. पुसलेल्या जेलचा तुकतुकीतपणा थोडा जातो आणि पावडरला धरायला काही उरत नाही. नक्षी क्युअर करा, चिकटपणा पुसा आणि मग त्यावर नो-वाइप टॉप कोटचा (क्युअर झाल्यावर चिकट थर न ठेवणाऱ्या चकचकीत जेलचा) पातळ हात फिरवा. पातळ म्हणजे खरंच पातळ. बाटलीच्या ब्रशने सढळ हाताने लावलात तर टॉप कोट खोलगट जागांमध्ये जाऊन बसतो आणि दोन रेघांमधली दरी भरून निघते. मेहनतीने काढलेली वेल मग नुसती सुजलेली दिसते. मी बाटलीचा ब्रश बाजूलाच ठेवते. फॉइलवर एक थेंब काढून लायनर ब्रशने आधी रेघांवरून आणि मग मधल्या जागेतून फिरते. वेळ जातो, पण इथे वाचवलेला वेळ पुढे दामदुपटीने द्यावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे मुळातच चिकट थर न ठेवणारं, नो-वाइप प्रकारचं थ्रीडी जेल घ्यायचं. लेबलवर तसं लिहिलेलं असतं. सुरुवात करणाऱ्यांनी हेच घ्यावं असं माझं मत आहे.

लॅम्पखालचा वेळ

नो-वाइप टॉप कोट कमी क्युअर झाला तर पावडर त्यात रुतते, बोटाखाली थर सुरकुततो. जास्त झाला तर पावडर घसरून जाते आणि मधेमधे टक्कल पडतं. मधला वेळ हवा. तो किती, हे कोणाच्या व्हिडिओवरून ठरत नाही. ४८ वॅटच्या एलईडी लॅम्पवर साधारण ३० सेकंदांच्या आसपास तो सापडतो. पण लॅम्पवरचा आकडा आणि प्रत्यक्षातली ताकद यात पुष्कळ फरक असतो, जुन्या लॅम्पचे दिवेही मंद होतात. तुमचा लॅम्प, तुमची टॉप कोटची बाटली आणि चार नकली टिप्स घेऊन बसा. २०, ३०, ४० आणि ६० सेकंद असे एकेक क्युअर करा, लगेच पावडर घासून बघा. जिथे आरसा उमटला, तो आकडा बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. बाटली बदलली की पुन्हा हेच करायचं.

लगेच म्हणजे लॅम्पमधून हात बाहेर येताच. पाचही बोटं क्युअर करून, फोन घेऊन, मग पावडरची डबी उघडायची असं चालत नाही. एका वेळी दोन बोटं घ्या. अंगठा तर नेहमी एकटाच, कारण चार बोटांसोबत आत गेला की तो कलतो, एका बाजूला उजेड कमी पडतो आणि त्याच बाजूची क्रोम आधी निघते.

मे महिना, कूलर आणि वाहून जाणारी नक्षी

थंड शहरातल्या मुलींचे व्हिडिओ बघून आपण नागपुरात मे महिन्यात थ्रीडी नेल्स करायला बसतो. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या घरात, खोलीत कूलर. जेल तापलं की पातळ होतं. उभी राहायला हवी ती रेघ पसरते, थेंबाचा डाग होतो. बाटली टेबलावर उन्हाच्या तिरिपेत असेल तर आणखीच कठीण, कारण उन्हातली अतिनील किरणं जेलला बाटलीतच घट्ट करायला लागतात. आधी पातळ, मग गुठळ्या.

उपाय सोपा आहे. बाटल्या खोलीच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, बंद डब्यात ठेवा. जेल फारच ओघळत असेल तर झाकण घट्ट लावून बाटली थोडा वेळ गार पाण्याच्या वाटीत ठेवा, उघडण्याआधी कोरडी पुसा. एका नखावरची नक्षी काढली की ५ ते १० सेकंद लॅम्पखाली धरून ती गोठवा, मगच पुढचं नख. पाची नखांवर डिझाइन काढून शेवटी एकदम क्युअर करणं उन्हाळ्यात विसराच. डिसेंबरात उलटं होतं. गारठ्यात जेल घट्ट होतं, ब्रशमागून ओढलं जातं, रेघ तुटक येते. तेव्हा बाटली तळहातात धरून थोडी कोमट होऊ द्या.

आता कूलर. आपल्याकडे त्याच्याशिवाय दुपार निघत नाही हे मान्य, पण क्रोमच्या कामाला त्याचा झोत घातक आहे. पावडर उडून शेजारच्या ओल्या नखावर बसते, कूलरच्या गवती ताट्यांचा बारीक तूस टॉप कोटमध्ये अडकतो आणि हवा दमट होते. आधी नख नीट सुकवून, डिहायड्रेटर (नखावरचा ओलावा आणि तेल काढणारं द्रावण) लावून ठेवलेलं असलं तरी दमट हवेत बेस कोट, म्हणजे जेलचा पहिला थर, लावायला उशीर झाला तर पुढे लिफ्टिंग येऊ शकतं, म्हणजे जेल कडेने सुटू शकतं. पावडर आणि टॉप कोटच्या वेळी कूलर बंद ठेवा किंवा त्याचं तोंड दुसरीकडे वळवा. पाच-दहा मिनिटं घाम पुसावा लागला तरी चालेल.

मॅटवर चमकती नक्षी, आणि भोवतीची धूळ

मॅट काळ्या नखावर फक्त वेल चमकती हवी, हे डिझाइन सध्या लग्नाच्या सीझनला पुष्कळ मागितलं जातं. फोटोत भारी दिसतं. करताना मात्र वेलीबरोबर सगळं नखच धुरकट होऊन बसतं, कारण मॅट पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत पावडर अडकते. मॅट टॉप कोट आधी पूर्ण वेळ, थोडा जास्तच क्युअर करा आणि पुसून घ्या, म्हणजे तो पावडर फारशी धरणार नाही. मग नो-वाइप जेलने नक्षी काढून ती मोजक्या वेळात क्युअर करा. पावडर स्पंजने सगळीकडे रगडू नका. सिलिकॉनच्या टोकाने किंवा आयशॅडोच्या छोट्या ॲप्लिकेटरने फक्त उंचवट्यावरून फिरा. उरलेली धूळ आधी मऊ कोरड्या ब्रशने झटका, मग किंचित ओलसर लिंट-फ्री वाइपने टिपा. कापूस नको, त्याचे तंतू रेघांच्या कडेला अडकतात.

फोटोवरून आठवलं. न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्यात २०२२ला मॉडेल हेली बीबरची मोतिया नखं गाजली, तेव्हापासून तो फोटो मोबाइलवर घेऊन मुली येतात आणि काळ्या बेसवर चंदेरी मिरर पावडर लावून मागतात. ती चमक मोतिया पावडरची आहे आणि फिकट बेसवरची आहे. मोतिया पावडर अर्धपारदर्शक असते, खालचा रंग बदलला की सगळं बदलतं. आणि टेक्श्चरमध्ये नक्षीचं जेल पारदर्शक, बेस गुलाबी असं असेल तर जाड-पातळ जागी रंगाची खोली वेगळी दिसते. एकसंध धातूचा भास हवा असेल तर नक्षी बेसच्याच रंगाच्या जेलने काढा.

डबी खरेदी करताना चिमूटभर पावडर बोटांत चोळा. वेगळे कण दिसले, टोचले तर ते ग्लिटर आहे. क्रोम बोटावर नुसती धातूची झाक सोडते.

टिकतच नाही, टोकाकडून निघते

टॉप कोट पावडरला नव्हे, जेलला धरतो. जिथे सुट्या पावडरचा थर राहिला तिथे टॉप कोट अधांतरी असतो, आणि अशी जागा सहसा नखाचं टोक किंवा क्युटिकलची (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीची) कड असते. पावडर घासून झाली की मऊ ब्रशने सगळी सुटी भुकटी काढा. टोकावर बारीक फाइल एकदाच हलकेच फिरवून तिथली पावडर उडवा. मग आधी बेस कोटचा अगदी पातळ हात, तो क्युअर झाला की टॉप कोट, आणि दोन्ही वेळा ब्रश टोकाच्या कडेवरून फिरवून तोंड बंद, म्हणजे सील, करायचं. ब्रश दाबू नका, तरंगता ठेवा. दाबला की क्रोमवर रेघा उठतात आणि ब्रशबरोबर पावडर बाटलीत जाऊन आख्खा टॉप कोट राखाडी होतो. म्हणूनच फॉइलवर थेंब काढून घ्यायची सवय बरी.

नक्षीच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ओला टॉप कोट धारदार कडेवरून खाली ओसरतो, माथ्यावर नावापुरताच उरतो. म्हणून उंच रेघांचा माथा सगळ्यात आधी झिजतो आणि खालचा काळा रंग डोकावतो. रेघेला गोलाई द्या, उंची आवरा. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या, दुसरा थर फक्त माथ्यांवर दिला तरी पुरतो. टॉप कोटनंतर आरसा किंचित मवाळ होतो, ते अटळ आहे. एकदम मेला तर मात्र टॉप कोट बदलून बघा.

पुढचा सांभाळ तुमच्या हातात. नखांनी संत्रं सोलू नका. हिवाळ्यात दारोदार संत्री असतात, सवयीने नख सालीत जातं आणि टोकाचं सील तिथेच उचकतं. सावजी रस्सा-भाकरी हाताने खाल्लीत तर मोतिया क्रोमवर हळदीचा पिवळा डाग राहील, नक्षीच्या खाचांत तर जास्तच. हात लगेच धुवा, मऊ ब्रशने खाचा घासा. उरलेली पिवळी छटा उन्हात हळूहळू फिकी होते.

यात हयगय नको

जाड नक्षी क्युअर होताना जेल उष्णता सोडतं. नख चुरचुरलं तर हात लगेच बाहेर काढा, लॅम्पवर लो-हीट मोड असेल तर तो वापरा. "सहन कर थोडं" असं ग्राहकाला सांगणं चूक आहे. न वाळलेलं जेल त्वचेला लागू देऊ नका. क्युअर करण्याआधीच काडीने काढा. जेलमधल्या एचईएमए (HEMA) या रसायनाची आणि तत्सम घटकांची ॲलर्जी अशाच वारंवार लागण्यातून जडते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. लेबलवर टीपीओ (TPO) हा, जेलला उजेडात घट्ट व्हायला लावणारा घटक आहे का तेही बघा. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. पावडर घासताना मास्क लावा, आणि लॅम्पखाली हात घालण्याआधी सनस्क्रीन लावा किंवा बोटं उघडी असणारे हातमोजे घाला.

काढताना तर सगळ्यात जास्त घाई होते. एक कड उचकली म्हणून ओढून काढलीत तर नखाचा पापुद्राही सोबत येतो. आधी वरचं सील आणि नक्षीचा उंचवटा फाइलने उतरवा, मग ॲसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून १० ते १५ मिनिटं ठेवा. साधी जेल पॉलिश सुटून येते. नक्षी हार्ड जेलची असेल तर ती ॲसिटोनने विरघळत नाही, फाइलनेच उतरवावी लागते. म्हणून नखांवर काय लावलं होतं ते ग्राहकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा, कारण महिन्याभराने तिला ते सांगता येणार नाही.